विश्वात काहीतरी उरलंच कसं? उत्तर इलेक्ट्रॉनच्या गोलाईत शोधलं जातंय

घरातल्या पंख्यापासून हातातल्या मोबाईलपर्यंत सगळं ज्याच्या जोरावर चालतं, तो इलेक्ट्रॉन. हा कण किती गोल आहे, हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञ कित्येक वर्षं धडपडतायत. ऐकायला रिकामटेकडा उद्योग वाटेल, पण यामागचा प्रश्न आपल्या अस्तित्वाचा आहे.

नेमका प्रश्न काय?

बिग बँगनंतर द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारख्याच प्रमाणात तयार झालं, असं मानलं जातं. ही दोन्ही भेटली की एकमेकांना नष्ट करतात. या हिशोबाने आज ना तारे असायला हवे होते, ना पृथ्वी, ना आपण. तरीही थोडं द्रव्य शिल्लक राहिलं.

हे घडायचं तर निसर्गाने द्रव्य आणि प्रतिद्रव्यात थोडा भेदभाव केलेला असला पाहिजे, असं सोव्हिएत शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांनी १९६७ मध्ये मांडलं. असा भेदभाव प्रयोगांत दिसलाय, पण हिशोब जुळायला तो पुरत नाही. म्हणून अजून न सापडलेले कण असावेत, असा अनेकांचा अंदाज आहे.

यात इलेक्ट्रॉन कुठून आला?

असे कण असतील, तर त्यांच्यामुळे इलेक्ट्रॉनचा विद्युतभार एका बाजूला किंचित सरकलेला असू शकतो. या सरकण्याच्या मापाला 'इलेक्ट्रिक डायपोल मोमेंट' म्हणजे ईडीएम म्हणतात. ईडीएम शून्य, तर इलेक्ट्रॉन अगदी गोल. आजच्या मान्य सिद्धांतानुसार ईडीएम इतका कमी आहे की आपल्या उपकरणांना तो दिसणारच नाही. त्यामुळे तो दिसलाच, तर काहीतरी नवं सापडलं असं समजायचं.

रेणू कशाला, आणि तेही थंड?

ईडीएम असेल, तर विद्युत क्षेत्रात इलेक्ट्रॉनची दिशा बदलल्यावर त्याची ऊर्जाही किंचित बदलेल. हा फरक दिसायला क्षेत्र प्रचंड लागतं. पण मोकळा इलेक्ट्रॉन अशा क्षेत्रात क्षणात पळून जातो. म्हणून जड अणू असलेला रेणू घेतात. हाफ्नियम फ्लोराईडच्या रेणूत इलेक्ट्रॉनला सुमारे २,३०० कोटी व्होल्ट प्रति सेंटीमीटर एवढं क्षेत्र आयतं मिळतं. प्रयोगशाळेतल्या कुठल्याही प्लेट्सना हे जमत नाही.

आता थंडीचं. गरम रेणू वेगाने पळतात आणि नाना तऱ्हांनी गिरक्या घेतात. थंड केले की ते बरेचसे एकसारखे वागतात आणि जास्त वेळ हाताशी राहतात. जितका जास्त वेळ निरीक्षण, तितकं माप अचूक.

आतापर्यंत काय हाती लागलं?

२०११ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने मोजमाप केलं. इलेक्ट्रॉन सूर्यमालेएवढा फुगवला, तरी त्याच्या गोलाईतली चूक केसाच्या जाडीपेक्षा कमी भरेल, असं त्यांचं उत्तर होतं. २०१४ आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या 'एसीएमई' गटाने थोरियम ऑक्साईडचे थंड रेणू वापरून त्याहून बारीक माप घेतलं.

२०२३ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे नोबेलविजेते एरिक कॉर्नेल आणि जुन ये यांच्या गटाने हाफ्नियम फ्लोराईडचे भारित रेणू विद्युत सापळ्यात धरले. थोरियमच्या प्रयोगात मोजायला सेकंदाचा हजारावा भाग मिळायचा. इथे तब्बल ३ सेकंद मिळाले. माप जवळपास अडीचपट सुधारलं, म्हणजे २०११ च्या तुलनेत सुमारे २५० पट. तरीही इलेक्ट्रॉन गोलच निघाला.

मग हे अपयश म्हणायचं का?

नाही. नव्या कणांबद्दलचे अनेक सिद्धांत मोजता येईल इतका ईडीएम सांगत होते. प्रत्येक नव्या मापासोबत त्यातले काही बाद होतायत किंवा त्यांना मुरड घालावी लागतेय. शिवाय २७ किलोमीटर घेराच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरला निर्माण करता येणार नाहीत इतक्या जड कणांची चाहूल एका खोलीत मावणाऱ्या या प्रयोगाला लागू शकते.

द्रव्य का उरलं, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. पण ते कुठे नाही, हे मात्र दर मापागणिक स्पष्ट होत चाललंय.