मदरबोर्ड बदलावा काय?

आमच्या संगणक कक्षातील जुनी यंत्रे सुरू व्हावयासच कित्येक मिनिटे घेत. ‘मदरबोर्ड बदला, खर्च आम्ही देतो,’ असे काही माजी विद्यार्थ्यांनी आपुलकीने कळविले. मदत स्वीकारण्यापूर्वी आम्ही एक यंत्र उघडून पाहिले.

मदरबोर्ड एकटा बदलता येत नाही, हे तेव्हाच ध्यानात आले. आमचे प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचे, सॉकेट ११५० आणि रॅम डीडीआर-३. आजच्या बोर्डावर यांपैकी काहीच बसत नाही. प्रोसेसर व रॅमही नवीच घ्यावी लागते. जुने उरते ते कॅबिनेट, मॉनिटर आणि कीबोर्ड.

शिवाय मंदपणाचे मूळ बोर्डात नव्हतेच. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली, रॅम ४ ची ८ जीबी केली आणि तेच यंत्र चपळ झाले. तारीख रोज चुकत असे, तो दोष सीआर २०३२ या नाण्याएवढ्या सेलचा निघाला.

पेच आहे तो विंडोजचा. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मराठी टंकलेखन व हिशेबाच्या सरावासाठी सी-डॅकची ‘बॉस’ लिनक्स प्रणाली विनामूल्य मिळते. तथापि पुढे एमएस-सीआयटीस बसणाऱ्या मुलांचा हात विंडोजवरही फिरलेला असावा. दोन यंत्रांचे बोर्ड कपॅसिटर फुगून निकामी झाले आहेत. तेवढ्यांचेच नवे संच हिंगोलीच्या बाजारातून घ्यावेत आणि दहावीच्या मुलांना त्यांवर आळीपाळीने बसवावे, असे आम्ही ठरविले आहे.