बोलिंग पिन नेमबाजी
मेजावर उभ्या केलेल्या पाच बोलिंग पिना पिस्तुलाने वा रिव्हॉल्व्हरने कमीत कमी वेळात मेजाखाली पाडण्याचा अमेरिकन क्रीडाप्रकार. मिशिगन राज्यातील सेंट्रल लेक येथे गोळीरोधक बंडीचे निर्माते रिचर्ड डेव्हिस यांनी १९७०–८० च्या दशकात सुरू केलेल्या सामन्यांमुळे तो लोकप्रिय झाला. पिन नुसती आडवी होऊन भागत नाही. शेवटची पिन मेजावरून खाली पडेपर्यंत वेळ मोजतात. म्हणून येथे नेमाइतकेच गोळीच्या संवेगाला महत्त्व असते.

बाटलीच्या आकाराची ही लाकडी पिन सु. ३८ सेंमी. उंच व सु. १·५ किग्रॅ. वजनाची असते. ०·४५ इंच कॅलिबरची सु. १५ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदास सु. २६० मी. वेगाने आदळून तिला मागे लोटते. ९ मिमी. कॅलिबरची सु. ८ ग्रॅ. वजनाची गोळी अधिक वेगवान असूनही संवेगात उणी ठरते; पिन पुष्कळदा मेजावरच लोळते व तिच्यावर पुन्हा नेम धरण्यात वेळ जातो. यासाठी लहान कॅलिबरच्या स्वतंत्र गटांत पिना मेजाच्या मागील कडेजवळ मांडतात. अर्थात मोठे कॅलिबर सर्वस्वी लाभाचे नव्हे. त्याच्या उलट धक्क्यामुळे पुढील पिनेकडे वळण्यास विलंब लागतो.

गोल टोकाची गोळी पिनेच्या वक्र पृष्ठावरून निसटण्याचा संभव असतो; चपट्या वा पोकळ टोकाची गोळी लाकडात रुतते. पोलादी गाभ्याच्या चिलखतभेदी गोळ्यांना सामान्यतः मनाई असते.