नाव एकच, अर्थ दोन : एका ड्रॉइंगमधले लेअर दुसऱ्यात नेताना

लेअर कसे तयार करायचे, ते मागच्या व्याख्यानात आपण पाहिलं. आज पुढचा प्रश्न घेऊ : एका ड्रॉइंगमधले लेअर दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये कसे न्यायचे? ऑटोकॅडमध्ये त्याचे चार-पाच रस्ते आहेत आणि एकही अवघड नाही. अडचण येते ती दोन्हीकडे एकाच नावाचा लेअर असला की. आजचा बराचसा वेळ आपण त्यावरच घालवणार आहोत.

उदाहरण इथलंच, नवी मुंबईतलं घेऊ. सिडकोची स्थापना १९७० सालची. तिनं वाशीत बांधलेल्या कितीतरी इमारती आता जुन्या झाल्या आणि पुनर्विकासाला निघाल्या. समजा, अशाच एका सोसायटीचं काम आपल्याकडे आहे. सर्व्हेअरनं जागेची मोजणी करून उभ्या इमारतीचं ड्रॉइंग पाठवलं. त्यात भिंतींच्या लेअरचं नाव ‘वॉल’ आणि रंग पिवळा, कारण या भिंती पाडायच्या आहेत. आपल्या ड्रॉइंगमध्येही ‘वॉल’ आहे, पण तो लाल, कारण ते नवं बांधकाम आहे. परवानगीच्या नकाशांत रंगांची ही भाषा नियमावलीनंच ठरवून दिलेली असते. प्रस्तावित काम लाल, पाडायचं काम पिवळ्या हॅचमध्ये, सांडपाण्याची वाहिनी लाल तुटक रेषेत. म्हणजे इथे रंग शोभेसाठी नसतो, तो एक विधान करत असतो.

आता सर्व्हेअरच्या भिंती कंट्रोल-सी करून आपल्या ड्रॉइंगमध्ये पेस्ट केल्या, तर काय होईल? सगळ्या लाल होतील. समोर कुठलीही सूचना येणार नाही. कारण नियम असा आहे : आणलेल्या लेअरचं नाव इथे आधीच असेल, तर इथली व्याख्या टिकते आणि बाहेरची सोडून दिली जाते. घरमालकाचं चालतं, पाहुण्याचं नाही! भिंतींचा रंग ‘बायलेअर’ असल्यामुळे त्या निमूटपणे घरमालकाचा रंग घेतात. परिणामी जी इमारत पाडायची, तीच नकाशावर नवी म्हणून उभी राहते.

हा नियम डोक्यात ठेवून एकेक रस्ता बघू.

पहिला, कॉपी-पेस्ट. वस्तूबरोबर तिचा लेअर आपोआप येतो. फक्त लेअरच हवा असेल तर एक रेघ आणून पुसून टाका, लेअर मागे राहतो. दोन-चार लेअरसाठी हे पुरेसं आहे. मात्र नंतर कुणी ‘पर्ज’ चालवलं, तर रिकामा लेअर निघून जाऊ शकतो.

दुसरा, डिझाइन सेंटर. कंट्रोल आणि २ दाबा, ड्रॉइंग शोधा, त्यातलं ‘लेअर्स’ उघडा, हवे ते निवडून ओढून आणा. त्या ड्रॉइंगमधली एकही रेघ आणावी लागत नाही. नियम तोच, सारख्या नावाचा लेअर बदलत नाही.

तिसरा, लेअर स्टेट. इथे मात्र उलटं होतं. एका ड्रॉइंगमधली लेअरची स्थिती साठवून दुसरीकडे लागू केली, की तिथले रंग आणि रेषाप्रकार बदलतात. इथे पाहुणा जिंकतो. कार्यालयाचा रंगसंच जुन्या ड्रॉइंगवर बसवायला हे उत्तम. एक खाचखळगा लक्षात ठेवा : स्टेट एलएएस फाइलमधून आणली आणि त्यातला तुटक रेषाप्रकार तुमच्या ड्रॉइंगमध्ये लोड नसेल, तर तो गुण वगळला जातो. सांडपाण्याची तुटक रेषा सलग दिसली, तर आधी हे तपासा. स्टेट थेट डीडब्ल्यूजी फाइलमधून आणली, तर रेषाप्रकारही सोबत येतो.

चौथा, एक्सरेफ. संदर्भ म्हणून जोडलेल्या ड्रॉइंगचे लेअर फाइलचं नाव, उभी रेघ आणि लेअरचं नाव असे वेगळे दिसतात, म्हणून दोन ‘वॉल’ एकमेकांत मिसळत नाहीत. पुढे तो कायमचा सामावून घेताना ‘बाइंड’ निवडलं, तर उभ्या रेघेच्या जागी डॉलर-शून्य-डॉलर येतं आणि नावं वेगळीच राहतात. ‘इन्सर्ट’ निवडलं तर नावं एक होतात आणि पुन्हा घरमालकाचं चालतं.

पाचवा, लेअर ट्रान्सलेटर. कमांड ‘लेट्रान्स’. डावीकडे या ड्रॉइंगमधले लेअर, उजवीकडे तुम्ही लोड केलेल्या प्रमाण ड्रॉइंगमधले. कुणाचं कुणात रूपांतर करायचं त्या जोड्या लावायच्या. त्या साठवून ठेवता येतात, म्हणजे त्याच सर्व्हेअरची पुढची फाइल आली की काम मिनिटांत होतं. त्यात ‘मॅप सेम’ नावाचं बटण आहे. सारख्या नावांच्या जोड्या ते आपोआप लावतं. आपल्या उदाहरणात तेच बटण घात करील, कारण ते ‘वॉल’ला ‘वॉल’शीच जोडणार. यंत्राला नाव कळतं, अर्थ आपल्याला बघावा लागतो.

मग करायचं काय? सर्व्हेअरच्या फाइलची प्रत घ्या. त्या प्रतीतच ‘वॉल’चं नाव बदलून ‘पाडायची भिंत’ अशा अर्थाचं करा, किंवा लेट्रान्सनं ते रूपांतर करा. थेट रंग दिलेल्या वस्तू असतील, तर सेटिंग्जमध्ये जाऊन त्यांना बायलेअर करा. हे सगळं झाल्यावरच ड्रॉइंग आपल्याकडे आणा. आधी नाव, मग नकाशा.

यात आणखी एक गोष्ट अडकलेली आहे. महाराष्ट्रातल्या अनेक महापालिकांत नकाशांची छाननी ऑटोडीसीआरसारख्या संगणकप्रणालीनं होते. भूखंडाची हद्द ठरलेल्या लेअरवर, बंद पॉलिलाइनमध्ये असेल, तरच प्रणाली तिचं क्षेत्रफळ मोजते. माणूस तपासत होता, तेव्हा चुकीचा रंग पाहून तो विचारायचा, ‘अहो, ही जुनी भिंत ना?’ प्रणाली असं विचारत नाही. लेअरवर जे लिहिलंय, तेच ती खरं धरते. त्यामुळे अर्ज परत आला, तर खोळंबते ती भाड्याच्या घरात राहणारी, नव्या घराची वाट बघणारी सोसायटीतली माणसं.

म्हणून फाइल पाठवण्याआधी एवढं जरूर करा : लेअर एकेक करून बंद करा आणि काय काय नाहीसं होतं ते बघा. ‘पाडायची भिंत’ बंद केल्यावर जुनी इमारत पूर्ण गेली, नवी जशीच्या तशी राहिली, तर लेअर नीट आले. एखादी जुनी भिंत मागे उरली, तर ती चुकीच्या घरात राहतेय. पाच मिनिटांचं काम आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.