डुकरिणीच्या लघवीत रक्त दिसतंय? जंतू आत कसे चिकटतात ते समजून घ्या

जुळे सोलापूर : नर दाखवून दोन-तीन आठवडे झाले आणि मादीनं खाणं सोडलं, पाठ वाकवून उभी राहते, लघवी लालसर होते. असं दिसलं तर नुसती उष्णता समजून सोडून देऊ नका. हा मूत्राशयातला जंतुसंसर्ग असू शकतो. तो मूत्रपिंडापर्यंत गेला तर मादी दगावते.

मग प्रश्न पडतो, लघवीच्या धारेबरोबर जंतू वाहून का जात नाहीत?

कारण त्यांच्या अंगावर अतिशय बारीक केस असतात. गवताची कुसळं धोतराला धरतात, तसे हे केस मूत्राशयाच्या आतल्या पेशींना धरतात. विष्ठेतून येणाऱ्या ई. कोलाय जंतूच्या केसाच्या टोकाला एक आकडा असतो. पेशीवर मॅनोज नावाची साखर असते, त्यात तो अडकतो. गंमत म्हणजे धारेची ओढ बसली की ही पकड सुटत नाही, उलट घट्ट होते.

दुसरा जंतू अ‍ॅक्टिनोबॅक्युलम सुइस. हा रोग ब्रिटनमध्ये 1957 साली नोंदला गेला. हा जंतू नराच्या लिंगाजवळच्या कातडीच्या पिशवीत राहतो. नराला सहसा काही होत नाही, पण मिलनाच्या वेळी तो मादीत जातो. त्यालाही असेच केस असतात. एकदा चिकटला की लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतो आणि मूत्राशयाचं अस्तर सोलवटतं.

म्हणजे जंतू चिकटायच्या आधीच तो धुऊन गेला पाहिजे. त्यासाठी पाणी लागतं. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. पाणी कमी पडलं किंवा तापलेलं असलं की मादी कमी पिते, पडून राहते, लघवी तुंबते. तेवढ्यात जंतूला पकड मिळते.

काय कराल?
- गाभण मादीला दिवसाला 10 ते 20 लिटर, पिल्लं पाजणारीला 20 ते 40 लिटर गार, स्वच्छ पाणी मिळू द्या.
- बसायची जागा कोरडी ठेवा, विष्ठा रोज उचला.
- मादीला दिवसातून दोन-तीनदा उठवा, फिरवा.
- नर दाखवण्याआधी दोघांचीही मागची बाजू धुवा.
- लघवीत रक्त दिसलं की त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. डोस अर्धवट सोडू नका, चिकटून राहिलेले जंतू पुन्हा वाढतात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री नंबर आहे.