दगडाला न स्पर्शता रंगकाम

जुन्नरच्या परिसरातील डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली दीडशेहून अधिक लेणी आहेत, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. ही लेणी एके काळी रंगविलेली होती, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. शिवनेरीच्या उतारावरील एका लेण्याच्या छतावर चौकोनांत बसविलेल्या वर्तुळांच्या रंगीत नक्षीचे अवशेष आहेत. कोरीव कामावर रंग चढविणे हा त्या काळी कारागिरीचाच एक भाग होता.

आजही गावोगाव ती हौस आहे, परंतु साधन बदलले आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वेळी कोरीव खांब, वीरगळ, द्वारपाल यांवर डब्यातील तैलरंग फासला जातो. लेण्याद्रीच्या गिरिजात्मजावरील शेंदूर ही उपासनेची बाब होय. तिची येथे चर्चा नाही. तैलरंगाचा प्रश्न वेगळा आहे. त्याचा थर दगडातील ओल बाहेर पडू देत नाही, ओलीबरोबर आलेले क्षार थराखाली साचतात आणि कालांतराने दगडाची कपची सुटते. पुढे रंग खरवडू गेल्यास उरलेली नक्षीही जाते.

दगडाला हात न लावता त्याचे रंगीत रूप पाहण्याची सोय आता संगणकाने केली आहे. शिल्पाची सर्व बाजूंनी, एकमेकांवर निम्म्याहून अधिक चढणारी छायाचित्रे घेतली की संगणक त्यांतून त्रिमितीय प्रतिकृती रचतो. ही प्रतिकृती म्हणजे असंख्य बिंदू व त्यांना जोडणाऱ्या लहान लहान त्रिकोणांची जाळी होय.

तिला रंग देण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या रीतीत संत्र्याची साल सोलून सपाट पसरावी तसा प्रतिकृतीचा पृष्ठभाग उलगडतात, त्या सपाट चित्रावर रंग भरतात आणि ते पुन्हा आकारावर गुंडाळतात. यात शिवणी दिसण्याची धास्ती असते. दुसऱ्या रीतीत रंग थेट आकारावरच लागतो. पोळ्याच्या मातीच्या बैलाला मुले कुंचल्याने रंगवितात, तसाच. जाळीतील प्रत्येक बिंदू स्वतःचा रंग लाल, हिरवा व निळा या तीन आकड्यांत बाळगतो. १९९९ साली आलेल्या 'झेडब्रश' या आज्ञावलीच्या पुढील आवृत्त्यांनी ही रीत शिल्पकारांत रूढ केली. 'ब्लेंडर' ही आज्ञावली तर विनामूल्य असून तिच्यातही ती सोय आहे.

या रीतीची मर्यादा बिंदूंच्या संख्येत आहे. एक मिलिमीटर अंतराने बिंदू ठेवल्यास एक चौरस मीटर पृष्ठभागाला दहा लाख बिंदू लागतात. तेच अंतर पाच मिलिमीटर केले, तर चाळीस हजारांत भागते. पण दोन मिलिमीटर रुंदीची रेघ मग बिंदूंच्या मधल्या जागेत हरवते. लेण्यातील पुसट नक्षी नोंदवावयाची असेल, तर येथे काटकसर परवडणारी नाही. छायाचित्रेही ढगाळ दिवशी घ्यावीत. उन्हाची सावली प्रतिकृतीत रंग म्हणून उतरते आणि मग ती काढणे जिकिरीचे होते.

याहून नाजूक बाब प्रामाणिकपणाची. मूळ दगडावर जो रंग दिसला तो एक, आणि अभ्यासकाने कल्पनेने भरला तो दुसरा. या दोहोंच्या प्रती स्वतंत्र ठेवावयास हव्यात. कोणता भाग पुराव्याचा आणि कोणता तर्काचा हे पाहणाऱ्यास कळले पाहिजे, असे २००९ च्या सुधारित 'लंडन सनदे'तही नमूद आहे. दुर्दैवाने, झगमगीत चित्रफिती करणाऱ्यांना हा भेद राखण्याचे फारसे अगत्य नसते.

जुलै २०२५ मध्ये शिवनेरीचा समावेश जागतिक वारसा यादीत झाल्याने पाहुण्यांची दृष्टी या तालुक्याकडे वळली आहे. खिरेश्वरचे नागेश्वर मंदिर, पूरचे कुकडेश्वर, आंबेगाव तालुक्यातील मंचरची बारव आणि गावकुसाबाहेर पडून राहिलेले वीरगळ यांचीही अशी नोंद होऊ शकेल. संरक्षित स्मारकांच्या बाबतीत पुरातत्त्व विभागाची संमती आधी घ्यावी लागेल. केंद्रीय संरक्षित स्मारकाची नासधूस वा विद्रूपीकरण केल्यास १९५८ च्या अधिनियमात २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. असंरक्षित वीरगळांना हे कवच नाही. त्यांच्यापुरता निर्णय बहुधा ग्रामसभेतच होतो, आणि रंगाचा डबा आणण्यापूर्वी शाळेतील शिक्षकाच्या भ्रमणध्वनीवर त्यांची चौफेर छायाचित्रे घेऊन ठेवण्यास एक दुपार पुरते.