पुलावरचे चौघे

गेल्या दिवाळीत माझा भाचा घरी आला तो काळा टी-शर्ट घालून. छातीवर पांढऱ्या रेघांचे उंचसखल डोंगर, एकाखाली एक. मी म्हटलं, "काय रे, हा सह्याद्री की हिमालय?"

तो हसला. "मावशी, हे डोंगर नाहीत. हा तारा आहे!"

आणि दोस्तांनो, तो चक्क खरं सांगत होता. १९६७ साली इंग्लंडमध्ये जोसेलिन बेल नावाच्या संशोधक विद्यार्थिनीला आकाशातून ठरावीक वेळाने येणारे रेडिओ ठोके सापडले. दर सव्वा सेकंदापेक्षा थोड्या जास्त वेळाने एक ठोका, घड्याळासारखा नेमका. तो होता माणसाला सापडलेला पहिला पल्सार, म्हणजे गरगर फिरणारा मृत तारा. टी-शर्टवर त्याच्याच ठोक्यांचा आलेख होता. (आपल्या नारायणगावजवळ खोडदला ३० प्रचंड तबकड्यांची दुर्बीण आहे ना, तीसुद्धा असे तारे ऐकते, बरं का.)

पण हा तारा टी-शर्टवर आला कसा? त्याचं उत्तर आहे मँचेस्टरमधल्या चार मुलांकडे. त्यांच्या बँडचं नाव जॉय डिव्हिजन. जून १९७९ मध्ये त्यांची पहिली मोठी तबकडी निघाली, 'अननोन प्लेझर्स'. बँडमधल्या बर्नार्ड समनरला हा आलेख खगोलशास्त्राच्या एका कोशात दिसला होता. पीटर सॅव्हिल या चित्रकाराने तो काळ्यावर पांढरा छापला. वेष्टनाच्या दर्शनी बाजूला ना बँडचं नाव, ना तबकडीचं नाव. वादकांचा फोटो तर कुठेच नाही!

मग हे चौघे दिसत कसे होते, हे लोकांना कळायचं ते वर्तमानपत्रांतल्या कृष्णधवल फोटोंवरून. भाच्याने मला मोबाइलवर त्यातला एक फोटो दाखवला. तो बघितल्यापासून माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून आज तुम्हाला सांगतेय.

आधी मँचेस्टर. हे नाव तुम्ही इतिहासात वाचलं असेल. १९०५ साली पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, त्या काळी आपल्या बाजारात मँचेस्टरच्या मालाचा पूर होता. इचलकरंजीला अजूनही महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. पण १९७० च्या सुमारास खऱ्या मँचेस्टरमधल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या होत्या. मुंबईच्या गिरणगावातल्या आजी-आजोबांना विचारा, म्हणजे कळेल ते गाव कसं दिसत असेल. जुन्या चाळींसारख्या घरांच्या ओळी पाडून तिथे सिमेंटचे उंच ठोकळे उभे केले होते. समनरचं लहानपण शेजारच्या सॅलफर्डमध्ये गेलं. त्याचीही गल्ली अशीच पाडली गेली.

४ जून १९७६ ला मँचेस्टरमध्ये सेक्स पिस्टल्स या बँडचा कार्यक्रम झाला. ऐकायला माणसं किती? जेमतेम चाळीसेक! त्यांत समनर आणि त्याचा शाळासोबती पीटर हुक होते. हे पंक संगीत, म्हणजे दोन-तीन सूर, भरपूर आवाज आणि भरपूर राग. दोघांना वाटलं, अरे, हे तर आपल्यालाही जमेल! दुसऱ्याच दिवशी हुकने आईकडून ३५ पौंड उसने घेतले आणि बास गिटार विकत आणली. वाजवायला येत नव्हती, ही गोष्ट वेगळी. पुढे इयान कर्टिस गायक म्हणून आला आणि १९७७ मध्ये स्टीफन मॉरिस ड्रम वाजवायला आला.

हुकचा ध्वनिवर्धक इतका रद्दी होता की जाड तारांचे खालचे सूर त्याचे त्यालाच ऐकू येत नसत. म्हणून तो वरच्या पट्टीत वाजवू लागला. एरवी बास गिटार मागे राहून ठेका धरते, पण इथे तीच गाण्याची चाल गाऊ लागली! पंकचा आरडाओरडा मागे पडला, गाणी संथ आणि गंभीर झाली. अशा संगीताला पुढे 'पोस्ट-पंक' म्हणजे पंकनंतरचं असं नाव पडलं.

आता तो फोटो. तारीख ६ जानेवारी १९७९. मँचेस्टरच्या ह्यूम भागात बर्फ पडलंय. मोठ्या रस्त्यावरून जाणारा एक पादचारी पूल. पुलावर चार माणसं, पण इतकी लांब आणि इतकी लहान की आधी तुम्हाला बर्फ दिसतं, कठडे दिसतात, करडं आभाळ दिसतं, आणि मग ते चौघे. वय २१ ते २३. हात खिशात. कुणीही हसत नाही.

फोटो काढला केविन कमिन्स यांनी. तेही मँचेस्टरचेच, आणि 'एनएमई' या संगीत साप्ताहिकासाठी काम करत. तुम्ही आज मोबाइलवर एका मांजराचे पन्नास फोटो काढता. तेव्हा कॅमेऱ्यात रीळ घालावं लागे. एका रिळात ३६ फोटो, रीळ महाग, धुवायला पुन्हा पैसे. कमिन्स यांनी पुढे सांगितलंय की खिशात पैसे नव्हते, फिल्म मोजकीच होती. हे चौघे गंभीर, विचारी तरुण वाटावेत अशी त्यांची इच्छा होती, म्हणून हसण्या-खिदळण्यावर त्यांनी फिल्म खर्चच केली नाही.

आणि खिदळणं तर खूप होतं! हुक आणि समनर यांच्या आठवणी वाचल्या तर माझ्या वर्गातली मागच्या बाकावरची टोळी आठवते. बझकॉक्स या दुसऱ्या बँडबरोबर दौरा संपताना या पठ्ठ्यांनी त्यांच्या बसमध्ये जिवंत उंदीर सोडले होते. पण जगाने पाहिलं ते काय? बर्फातले चार उदास तरुण. "हे कधी हसतच नसतील," असं लोक वर्षानुवर्षं म्हणत राहिले.

एक गोष्ट मात्र त्या फोटोत कुणालाच दिसली नाही. फोटोच्या दहा दिवस आधी, २७ डिसेंबर १९७८ ला, बँडचा लंडनमधला पहिला कार्यक्रम झाला होता. एका तळघरात, वीसेक श्रोत्यांसमोर. सगळे हिरमुसले होऊन रात्री मोटारीने परत निघाले. समनरच्या अंगात ताप होता, तो स्लीपिंग बॅग पांघरून बसला होता. इयानने ती ओढली, याने परत ओढली. त्या ओढाताणीतच इयानचे हातपाय जोरजोराने झाडले जाऊ लागले. त्याला फिट आली होती, आयुष्यातली पहिली मोठी फिट. त्याच महिन्यात, २३ जानेवारीला, डॉक्टरांनी निदान केलं : अपस्मार. आपण ज्याला मिरगी किंवा फेफरं म्हणतो, तो आजार. म्हणजे पुलावर उभा असताना इयानला आपल्याला काय झालंय हे नक्की ठाऊकही नव्हतं.

इयान दिवसा मॅकल्सफील्डच्या रोजगार कार्यालयात नोकरी करी. अपंग आणि आजारी माणसांना काम मिळवून देणं हेच त्याचं काम. त्याच्याकडे अपस्मार असलेले लोकही येत. अशाच एका तरुणीच्या आठवणीतून त्याने एक गाणंही लिहिलं होतं, स्वतःचं निदान होण्याआधी.

इथे मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवतो. चौथीत होता. एकदा प्रार्थनेच्या वेळी तो धाडकन पडला. कुणी कांदा आणायला पळालं, कुणी चप्पल नाकाशी धरली. खोटं कशाला सांगू, मीही नुसती उभी राहिले. नंतर डॉक्टरांनी सांगितलं : कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचाही घालू नका. आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, कॉलर सैल करा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. मुलगा आता दहावीत आहे. रोज गोळ्या घेतो आणि कबड्डीही खेळतो.

इयानच्या वेळची औषधं कडक होती, त्यांनी मन अगदी सुस्त आणि उदास व्हायचं. त्यात रात्रीची जागरणं, लांबचे प्रवास, रंगमंचावरचे लखलखणारे दिवे. तो गाताना हात वेडेवाकडे फिरवत नाचायचा. कधी कधी तो नाच चालू असतानाच खरी फिट यायची, आणि समोरच्या लोकांना फरक कळायचा नाही. लोक टाळ्या वाजवायचे.

नोव्हेंबर १९७९ मध्ये अँटन कॉर्बाइन हा डच तरुण लंडनला आला आणि त्याने एका भुयारी रेल्वे स्थानकात चौघांचा फोटो काढला. तिघे पाठमोरे चालताहेत, एकटा इयान वळून मागे बघतोय. १८ मे १९८० ला, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी, इयानने स्वतःचं आयुष्य संपवलं. तो २३ वर्षांचा होता. त्यानंतर लोक तो फोटो बघून म्हणू लागले, बघा, तो निरोप घेत होता! पण तसं काही नव्हतं. फोटोग्राफरच्या मनात आलं, तो वळला, एवढंच. मित्रांनी पुढे जे सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 'बरा आहेस ना' असं विचारलं की इयान म्हणायचा, बरा आहे. आणि त्यांना तेच खरं वाटायचं. कुणी पुन्हा विचारलं नाही.

उरलेल्या तिघांनी न्यू ऑर्डर नावाने नवा बँड काढला आणि तो खूप गाजला. कॉर्बाइन पुढे सिनेमे काढू लागले. इयानच्या आयुष्यावरचा त्यांचा 'कंट्रोल' २००७ साली आला, तोही कृष्णधवलच. ह्यूममधले ते सिमेंटचे ठोकळे १९९० नंतर पाडून टाकले. पण पुलावर उभं राहून फोटो काढायला लांबलांबून मुलं येत राहिली. हात खिशात घालायचे, हसायचं नाही. भाचाही म्हणतो, एकदा जाणार. मी त्याला म्हटलं, जा, पण जानेवारीत जा. नाहीतर बर्फ मिळायचं नाही.