मोबाईलची बॅटरी खातंय कोण?



गटाच्या मीटिंगमध्ये बचत झाली, हप्ते झाले, वहीवर सह्या झाल्या की शेवटी एक विषय निघतोच. "ताई, सकाळी फुल्ल केलेला मोबाईल दुपारीच मान टाकतो. नेट चालू ठेवायचं तरी कसं?" पूर्वी हा हौसेचा प्रश्न होता. आता बँकेचा ओटीपी मोबाईलवर, केवायसी मोबाईलवर, डेअरीचा मेसेज मोबाईलवर आणि गटाची माहिती लोकॉस ॲपमध्ये भरायची तीही मोबाईलवरच. बँक सखीसमोर बसल्यावर ऐनवेळी फोन बंद पडला तर त्या बाईचा रोज बुडतो, जीपचं भाडं वाया जातं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेटा घालावा लागतो. म्हणून आज बॅटरी नेमकी कोण खातं ते बघू.

आधी रेंजचं बोलते, कारण आपल्याकडे खरी गोम तिथेच आहे. मोबाईल सतत टॉवरशी बोलत असतो. शेजारणीशी आपण हळू बोलतो, पण ओढ्यापलीकडच्या बाईला हाक मारायची तर छाती भरून ओरडावं लागतं. मोबाईलचंही तसंच. टॉवर जवळ असला की तो कमी ताकदीत काम भागवतो. टॉवर लांब असला, मध्ये डोंगर आला, की त्याला जास्त ताकद लावून ओरडावं लागतं आणि ती ताकद बॅटरीतून जाते. अकोले तालुक्यात राजूरच्या पुढे भंडारदऱ्याकडे निघालात तर एका वळणावर चार काड्या असतात, पुढच्या वळणावर एकही नाही. तिथे फोन खिशात नुसता पडून असला तरी टॉवर शोधत बसतो. म्हणजे मोबाईल कुणी हातातही घेतला नाही आणि बॅटरी उतरली, ही तक्रार खोटी नाही.

एक काम लगेच करण्यासारखं आहे. एसटीने घाटातून जाताना किंवा जिथे रेंज नाहीच अशा शेतात काम करताना विमानाचं चिन्ह असलेलं बटण दाबा. त्याला फ्लाइट मोड म्हणतात. टॉवरची शोधाशोध थांबते. घड्याळ, गजर, टॉर्च, फोटो चालू राहतात. फोन मात्र येणार नाही, तेव्हा घरी कुणी आजारी असेल, पोरगी परीक्षेला गेली असेल, त्या दिवशी हा उद्योग नको.

दुसरी गोष्ट दोन सिमची. आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या फोनमध्ये दोन सिम आहेत आणि त्यातल्या एकाला गावात धड रेंज नसते. फोन दोन्हीसाठी धडपडतो. सेटिंगमध्ये सिमच्या पानावर जाऊन ते एक सिम बंद करता येतं, काढून टाकायची गरज नाही. पण त्याआधी बघून घ्या की आधारला आणि बँकेला कोणता नंबर जोडलेला आहे. तोच नंबर बंद केलात तर ओटीपी येणार नाही, आणि ओटीपीची मुदत काही मिनिटांचीच असते. त्याच पानावर नेटवर्कचा प्रकारही असतो. गावात फाइव्ह-जी अजून पोचलं नसेल तर तिथे फोर-जी निवडा, म्हणजे नसलेलं फाइव्ह-जी शोधण्यात फोनचा वेळ जाणार नाही. टू-जीवर मात्र टाकू नका. जिओचं सिम टू-जीवर चालतच नाही.

आता नेटचं. नेट चालू आहे म्हणून बॅटरी जाते, हे अर्धंच खरं. नेट चालू असून काहीच येत-जात नसेल तर खर्च थोडा असतो. खर्च होतो तो फोन वारंवार जागा होण्यात. एक मेसेज आला की फोनचं यंत्र जागं होतं, मेसेज घेतं आणि पुढचे काही सेकंद 'आणखी काही येतंय का' म्हणून जागंच राहतं. पुन्हा झोपावं तर दुसरा मेसेज. तान्हं बाळ रात्रभर दर घटकेला उठवत राहिलं तर आईची काय अवस्था होते, ते तुम्हाला सांगायला नको. एका माणसाच्या फोनवर माहेरचा ग्रुप, सासरचा ग्रुप, गटाचा, ग्रामसंघाचा, शाळेचा, भजनी मंडळाचा. पहाटे पाचपासून फुलांचे फोटो आणि सुविचार सुरू. बरं, ग्रुप म्यूट केला की झालं असं अनेकींना वाटतं. म्यूट केल्याने फक्त आवाज थांबतो, मेसेज येतच राहतात.

मग करायचं काय? व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' असं पान आहे. तिथे फोटो, व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. ज्याचं काम आहे तोच फोटो आपण बोटाने उघडायचा. डेटाही वाचतो आणि फोनची जागाही भरत नाही. दुसरं, नेट दिवसभर चालू ठेवण्यापेक्षा वेळ ठरवून चालू करा. सकाळी स्वयंपाक आटोपल्यावर, दुपारी आणि संध्याकाळी. साचलेले मेसेज एकदम येतात, फोन एकदाच जागा होतो.

"पण नेट बंद ठेवलं आणि ओटीपी आला तर?" हा प्रश्न मला प्रत्येक गावात येतो. साध्या मेसेजने येणाऱ्या ओटीपीला नेट लागत नाही. त्याला फक्त रेंज लागते. बँकेचा पैसे जमा झाल्याचा मेसेजही तसाच येतो. या एका भीतीपोटी कितीतरी बायका रात्रंदिवस नेट चालू ठेवतात. खात्री करायची असेल तर एक करून बघा. रात्री झोपताना बॅटरी किती टक्के आहे ते कागदावर लिहा, नेट बंद करा, सकाळी बघा. दुसऱ्या रात्री नेट चालू ठेवून तसंच करा. आपला फोन आपल्याला आपोआप सांगेल.

आणखी एक जागा बघण्यासारखी आहे. सेटिंगमध्ये 'बॅटरी' उघडा. कोणत्या ॲपने किती टक्के बॅटरी खाल्ली याची यादीच तिथे असते. जे ॲप महिन्यात एकदाही उघडलं नाही आणि यादीत वर बसलंय, ते काढून टाका. पोरांनी टाकलेले गेम बहुतेक तिथेच सापडतात. 'बॅटरी वाचवा, फोन साफ करा' म्हणणारी ॲप मात्र टाकू नका. ती स्वतःच दिवसभर चालतात आणि वर जाहिराती दाखवतात. उघडलेली ॲप सारखी सरकवून बंद करायची सवयही काही कामाची नाही. जे ॲप घटकाभराने पुन्हा उघडायचंय, ते नव्याने सुरू करायला जास्तच ताकद लागते.

बाकी पडद्याचा उजेड हा मोठा खादाड आहे. घरात असताना तो कमी ठेवा आणि पडदा तीस सेकंदांत आपोआप विझेल असं लावा. काळा पडदा ठेवला की बॅटरी वाचते असं म्हणतात, ते अमोलेड पडद्याच्या फोनना लागू आहे. आपल्या स्वस्तातल्या फोनना बहुधा साधा एलसीडी पडदा असतो, त्यात फरक पडत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये पडदा, कॅमेरा, नेट तिन्ही एकदम चालतं, म्हणून नुसती खुशाली विचारायची तर साधा फोन लावा. सगळ्यात भारी पडतो तो हॉटस्पॉट. पोराच्या मोबाईलला आपलं नेट दिलं की आपला फोन टॉवरशीही बोलतो आणि त्याच्या फोनशीही. अभ्यासासाठी द्या की, पण काम झाल्यावर बंद करायला सांगा. जाता जाता, वायरचे इयरफोन लावून एफएम रेडिओ लागत असेल त्या फोनवर आपला हा कार्यक्रम नेटशिवाय ऐकता येतो!

आता चार्जिंग. या बॅटऱ्या लिथियम-आयनच्या असतात. पूर्ण उतरल्याशिवाय लावू नये, हा नियम जुन्या प्रकारच्या बॅटऱ्यांचा. हिला वीस टक्क्यांच्या खाली न जाऊ देणं चांगलं आणि मधूनच थोडी थोडी भरली तरी चालते. भरताना पहिला भाग भराभर भरतो, ऐंशीच्या पुढे गती मंदावते. म्हणजे लाईट तासभरच येणार असेल तर एकच फोन शंभरला नेण्यापेक्षा दोन फोन साठ-सत्तरपर्यंत नेणं शहाणपणाचं. भरताना फ्लाइट मोड लावला तर आणखी लवकर भरतो. घरात बोर्ड एक असतो आणि तिथे पहिला मान कुणाच्या फोनचा, हे मी वेगळं सांगत नाही. पण ज्या दिवशी बँकेचं काम तुमचं आहे, त्या दिवशी पहिला नंबर तुमच्या फोनचा, हे घरात आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

या बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. चुलीजवळच्या फळीवर, उन्हात बांधावर, पत्र्याखाली फोन ठेवू नका. चार्जिंगला लावून उशीखाली तर कधीच नाही. घरात नवा फोन पोराला आणि त्याचा जुना आईला, अशी रीत आहे. अशा फोनची बॅटरी मुळातच थकलेली असते. साधारण पाचशे वेळा पूर्ण भरून उतरली की तिची धारणशक्ती कमी झालेली दिसते. तेव्हा कितीही काळजी घेतली तरी ती दिवसभर पुरणार नाही. फोन बाकी चांगला चालत असेल तर नवा घेण्याआधी तालुक्याच्या दुकानात बॅटरी बदलून किती पडेल ते विचारा. चांगल्या प्रतीची मागा आणि पावती घ्या.

फोनचं पाठचं झाकण फुगल्यासारखं वाटलं, पडदा एका बाजूने उचलला गेला, तर बॅटरी फुगली आहे असं समजा. तो फोन चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टाचणीने टोचू नका, मुलांच्या हाती देऊ नका. बंद करून दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि काढलेली बॅटरी उकिरड्यावर किंवा चुलीत न टाकता त्याच्याकडेच सोडा.